कानाचा जमाखर्च

वडगावात राहणाऱ्या माणसाने घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढतो म्हणणे म्हणजे आठवड्याच्या बाजारात ध्यानाला बसण्यासारखे आहे. बेळगावच्या या भागात यंत्रमागांना तोटा नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच शेजाऱ्यांचे चार माग आहेत. ते सकाळी सुरू होतात ते रात्रीची जेवणे होईपर्यंत. आमच्याकडे आलेले पाहुणे पहिली दहा मिनिटे ओरडून बोलतात, आणि मग त्यांनाही सवय होते. अशा घरात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मी गेल्या वर्षी स्टुडिओ काढला. त्याचा हा जमाखर्च.

स्टुडिओ हा शब्द तसा मोठा आहे. प्रत्यक्षात ती माळ्याखालची आठ बाय सात फुटांची खोली. एका भिंतीला साड्यांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला गाद्या-गोधड्यांची चळत, मध्ये एक पाट आणि एक स्टूल. कापड आवाज शोषून घेते आणि उघडी भिंत तो परत फेकते, हे शास्त्र मला पुढे कळले. खोली मात्र त्याच्या आधीपासूनच शास्त्रशुद्ध होती!

हा उद्योग ज्या माणसासाठी आरंभला ती माझी आजी. वय एकोणऐंशी. माहेर बैलहोंगलच्या बाजूचे, म्हणजे अस्सल कन्नड. लग्न होऊन वडगावात आली आणि मराठी झाली. ‘झाली’ म्हणजे काय, तर रागावताना कन्नड आणि समजूत घालताना मराठी, अशी तिने वाटणी करून घेतली. जात्यावर बसली की ती वाटणीही राहत नसे. सासूकडून शिकलेल्या मराठी ओव्या आणि आईकडून आलेली कन्नडमधली तीन चरणांची त्रिपदी, दोन्ही एकाच खुंट्याभोवती फिरत. लहानपणी तिच्या मांडीवर डोके ठेवून मी ते ऐकले आहे. कुठे एक भाषा संपली आणि दुसरी सुरू झाली, हे मला तेव्हा कळत नव्हते आणि तिला तर अजूनही कळत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्याचे मी वाचले तेव्हा चुटपुट लागून राहिली. एक लाखात आपल्या आजीची एकही नाही! पण अडचण अशी की, आजीने गाणे सोडून सहा वर्षे झाली होती. जाते माळ्यावर गेले होते हे एक कारण, आणि तिचे कान गेले हे दुसरे. म्हातारपणी ऐकू येईनासे होते ते बहुधा उंच पट्टीपासून. स, श, त, क यांसारखे बारीक उच्चार आधी जातात, स्वर मागे राहतात. त्यामुळे कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. श्रवणयंत्र आणले, पण ते शेजारचे मागही तितक्याच निष्ठेने मोठे करून ऐकवी. शेवटी ते डबीत गेले.

“आजी, एकदा म्हण की,” मी मागे लागे.

“मला माझाच आवाज लागत नाही गे,” ती म्हणे. “सूर बसला काय चुकला, कळाया नको? आंधळ्यानं सुईत दोरा घातल्यासारखं होतंय.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. पुढचा सगळा खर्च त्या दुर्लक्षापायी झाला.

जमेची बाजू अशी : शिकवण्यांचे बारा हजार, ओवाळणी आणि वाढदिवसाचे मिळून अडीच हजार, बाबांकडून बिनव्याजी कर्ज अडीच हजार, एकूण १७,००० रुपये. वडिलांनी कर्ज देताना “तारण काय?” असे विचारले, तेव्हा मी आजीकडे बोट दाखवले.

याच्याही आधी, काही न वाचता, बिनतारी हेडफोन घेऊन मी २,४०० रुपये घालवून बसले होते. काळा, गुबगुबीत, कानात ढोल वाजवणारा. गल्लीतल्या भजनी मंडळाचे भजन मी मोबाईलवर टिपले, तो हेडफोन लावून लॅपटॉपवर त्याची साफसफाई केली. पखवाज फार घुमतो असे वाटून खालचे सूर कापले, आणि मोठ्या अभिमानाने मंडळाला ऐकवले. मंडळाच्या मोबाईलवर पखवाजाचा पत्र्याचा डबा झाला होता! पखवाज घुमत नव्हताच. माझा हेडफोन घुमत होता.

आमच्या लेखाकर्माच्या अभ्यासात ‘विंडो ड्रेसिंग’ नावाचा प्रकार असतो. ताळेबंद असा सजवायचा की, धंदा आहे त्यापेक्षा देखणा दिसावा. बाजारातले बरेचसे हेडफोन हेच करतात. खालचे सूर फुगवतात, वरचे चमकवतात, आणि ऐकणाऱ्याला गाणे आवडून जाते. ऐकण्यापुरते त्यात वाईट काही नाही. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याला लेखापरीक्षक हवा, भाट नको. जे आहे ते, जेवढे आहे तेवढे दाखवणारा हेडफोन हवा. त्याला या धंद्यात ‘मॉनिटरिंग’चा हेडफोन म्हणतात. प्रथम तो कानाला रुक्ष वाटतो. आमच्या ऑडिटच्या पुस्तकातले ‘खरे व वाजवी चित्र’ हे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले.

मग मी परीक्षेलाही केला नसेल असा अभ्यास केला. हेडफोन ही चीज मुळात घरगुतीच आहे, हे वाचून धीर आला. अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकन नौदलाला विकले. गाणे ऐकण्यासाठी दोन कानांना वेगळा आवाज देणारा हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला. आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला.

ही उघडी पाठ आणि बंद पाठ हा निवडीतला पहिला फाटा. उघड्या पाठीच्या हेडफोनला मागून जाळी असते; आवाज मोकळा, समोर बसून ऐकल्यासारखा येतो; पण तो बाहेरही सांडतो आणि बाहेरचे सगळे आतही येते. बंद पाठीचा कानावर वाटीसारखा बसतो. थोडा कोंदट, पण आतले आत आणि बाहेरचे बरेचसे बाहेर. जाणकार मिश्रणाला उघडा आणि मुद्रणाला बंद घेतात, कारण गाणाऱ्याच्या कानातून सांडलेला आवाज समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. एकाच कंपनीत ही दोन घराणी सापडतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० बंद, तर डीटी ९९० उघडा. आमच्याकडे भिंतीपलीकडे चार माग असल्याने हा प्रश्न चर्चेविना निकालात निघाला.

दुसरा फाटा ओहमचा. मॉनिटरिंगचे काही हेडफोन ३२ ओहमचे, काही ८०, काही २५० ओहमचे मिळतात. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असे मला वाटले होते. आमच्या गल्लीत गणपतीला, लग्नांना साऊंड लावणारे एक काका आहेत. त्यांनी माझे अज्ञान दूर केले. २५० ओहमच्या हेडफोनला ढकलायला जोर लागतो. छोट्या पेटीवर आणि लॅपटॉपवर तो कुजबुजतच राहतो. “गाडी बघून बैल घे,” काका म्हणाले. “आणि आवाज कमी ठेवून काम करायला शीक. मी वीस वर्षं स्पीकरशेजारी उभा राहिलो. आता रात्री सगळं शांत झालं की माझ्या कानात शिट्टी वाजत असते.” जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तासांवर ८० डेसिबलचा आवाज ऐकू नये, असे मी पुढे वाचले. पण मला लक्षात राहिली ती काकांची शिट्टी. यंत्रावर आपण दरसाल घसारा धरतो. कानावर कोणी धरत नाही, आणि कान तर बदलूनही मिळत नाही.

आता राहिली पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. तिचे काम दुभाष्याचे आहे, आणि दुभाष्याचे काम सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मायक्रोफोन विजेच्या लहरींत बोलतो, लॅपटॉपला फक्त आकडे कळतात. पेटी सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून आकडा लिहिते, आणि ऐकवताना आकड्यांच्या पुन्हा लहरी करते. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा व्हावी लागते, म्हणून हा आकडा. दुकानात १,९२,००० चे आकडे छापलेली खोकी होती. पण आजीचा आवाज आणि माझा खिसा यांना ४४,१०० पुरेसे होते. चोवीस बिटची मोजणी मात्र घ्यावी. तिच्यात आवाज जरा खालच्या पातळीवर टिपला तरी तो खरखरीत बुडत नाही, आणि गाणारा एकदम चढला तरी फाटत नाही.

मायक्रोफोनसाठी पेटीवर ४८ व्होल्टचे बटण असते. तिला म्हणतात फँटम पॉवर. मी आजीला त्याचे भाषांतर ‘भुताची वीज’ असे करून सांगितल्यावर तिने त्या पेटीला हळदकुंकू लावायचे ठरवले होते. सुदैवाने ती वेळ आली नाही. भुताची वीज लागते कंडेन्सर मायक्रोफोनला, आणि तो इतका तिखट कानाचा असतो की, त्याने आजीबरोबर चार माग, कुकर आणि शेजारचा कोंबडाही टिपला असता. मी साधा डायनॅमिक मायक्रोफोन घेतला. सभांतून वक्त्यांच्या हाती दिसतो, तो शुअर कंपनीचा १९६६ पासून चालत आलेला एसएम ५८ याच जातीचा. माझा त्याचा गरीब चुलतभाऊ. हा जवळचे ऐकतो, लांबचे बरेचसे सोडून देतो. तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर धरला की झाले.

पेटी घेताना मी दोनच गोष्टींचा हट्ट धरला. एक, तिला वेगळी वीज लागू नये. लॅपटॉपच्या यूएसबी तारेतूनच तिचे भागावे. हे केवळ एक प्लग वाचावा म्हणून. दुसरी, तिच्यावर ‘डायरेक्ट’ असे लिहिलेले बटण असावे. ते कशाला असते हे मला नीट कळले नव्हते. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हटले.

दुकानदाराने विचारले, “गाणार कोण, तुम्ही काय?”

“नाही, आजी.”

“मग अक्का, एवढं भारी कशाला? मोबाईलवर घ्या की!”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण मी खर्ची टाकले ते असे : पेटी ७,५००, बंद पाठीचा ३२ ओहमचा हेडफोन ४,२००, मायक्रोफोन २,८००, स्टँड व तारा १,३००. एकूण १५,८००. शिल्लक १,२००, ती कर्जखाती जमा.

पहिल्या दिवशी आजीला पाटावर बसवले. हेडफोन माझ्या कानांवर. मुद्रण करणाऱ्याने ऐकत राहिले पाहिजे, असे सर्वत्र लिहिलेले असते. आजी दोन ओळी म्हणाली, थांबली. पुन्हा सुरू केले, पट्टी सुटली. कपाळाला आठ्या. “नको गे,” म्हणून उठली.

मला वाटले, तिला ऐकू येत नाही म्हणून ती गोंधळते. तेव्हा तिलाही काहीतरी ऐकवावे. पेटीला हेडफोनचे छिद्र एकच, आणि चांगला हेडफोन तर मला हवा! मी तो जुना बिनतारी ढोल काढला, लॅपटॉपला जोडला आणि तिच्या कानांवर ठेवला. आजीने तोंड उघडले, पाच-सहा शब्द गेले, आणि ती दचकून मागे बघू लागली.

“माझ्या मागनं कोण वेडावालंय गे?”

मी तो लावून पाहिला आणि माझीच बोबडी वळली. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज गुंडाळून, पाठवून, पुन्हा उलगडेपर्यंत सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशीर सहज होतो. आकडा लहान दिसतो. पण हवेतला आवाज तेवढ्या वेळात अडुसष्ट मीटर जातो. म्हणजे आजी घरात गात होती आणि गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळाशी उभी राहून दुसरी आजी तिची नक्कल करत होती! स्वतःचा आवाज असा मागाहून कानी आला की, चांगले बोलणारा माणूसही अडखळतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. लॅपटॉपमधून तारेने ऐकवले तरी आकडे रांगेत थांबतात. १,०२४ आकड्यांची रांग म्हणजे जाताना २३ मिलिसेकंद आणि येताना जवळजवळ तेवढेच.

तीन आठवडे स्टुडिओला कुलूप. वडिलांनी कर्जाचे नाव काढले नाही, हेच मला टोचत होते.

आणि मग एका दुपारी करंट गेला.

करंट गेल्यावर वडगावात जे होते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. माग एकामागून एक थांबतात. शेवटचा माग थांबला की, काहीतरी खाली ठेवल्यासारखे वाटते. चिमण्या ऐकू येतात, कोणाच्या तरी घरातली भांडी ऐकू येतात. मी लॅपटॉप उघडला, बॅटरी भरलेली. पेटी जोडली, तिचा हिरवा दिवा लागला. तिला वेगळी वीज लागत नव्हती! एक प्लग वाचवायला केलेली निवड मला आता शांतता देऊन गेली.

आजीला हाक मारली. एक हेडफोन, दोन माणसे. आणि त्या शांततेत मला तिचे ते वाक्य आठवले, मला माझाच आवाज लागत नाही गे. तीन महिने मी हेडफोन निवडत होते तो माझ्या कानांसाठी. पण मला तर आजीचा आवाज तसाही येत होता. येत नव्हता तो तिला.

हेडफोन तिच्या कानांवर चढवला. केसांचा अंबाडा सैल करावा लागला. ‘डायरेक्ट’चे बटण दाबले. ते दाबले म्हणजे मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपची वारी न करता पेटीतल्या पेटीत हेडफोनकडे वळतो. रांग नाही, उशीर नाही. कानाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते. बेताचा आवाज, फार तर अर्धा तास, असे ते म्हणाले होते. मी गोल खुंटी हळूहळू फिरवत नेली.

आजी खाकरली. त्या खाकरण्याने तिचे डोळे मोठे झाले. मग ती हळूच “ऊं” म्हणाली, जरा वर गेली, जरा खाली आली, नेमकी जागा सापडल्यावर थांबली. हाताने खुंटा धरल्यासारखी मूठ वळली. आणि ती म्हणू लागली.

मला काय ऐकू येत होते ते मुद्रणाच्या दृष्टीने सांगणे कठीण आहे, कारण माझे कान उघडे होते. आवाज बरोबर टिपला जातो की नाही, हे मी पेटीवरच्या दिव्याकडे बघून ठरवत होते. हिरवा असेपर्यंत ठीक, लाल झाला की फाटला. सगळ्या पुस्तकांच्या विरुद्ध, ऐकणारी मी आंधळेपणाने काम करत होते आणि गाणारी डोळे मिटून ऐकत होती. भाऊ येऊन गेला, पंढरी झाली, बैलहोंगलकडचा मळा झाला. भाषा दोनदा बदलली. सूर बदलला नाही.

सव्वीस मिनिटांनी करंट आला. पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग चारही. मी हात वर करून थांब म्हणणार होते. पण आजीच्या कानांवर बंद पाठीच्या वाट्या होत्या आणि कान मुळातच मंद. तिच्यापर्यंत माग पोचलेच नाहीत. ती गात राहिली. मी बटण बंद केले नाही.

त्या मुद्रणाची शेवटची चार मिनिटे कोणत्याही जाणकाराला ऐकवण्यासारखी नाहीत. खट-खट-खट-खट, आणि त्याखाली एक म्हातारी. आवाज गाळणारी साधने आहेत. मी एकदा वापरून पाहिली. माग कमी झाले, पण आजीच्या आवाजाच्या कडाही झिजल्या. मी ती दुरुस्ती पुसून टाकली.

आतापर्यंत असे अकरा वेळा झाले आहे. अठ्ठावन्न गाणी जमली. त्यांचे कप्पे मी आधी ‘मराठी’ आणि ‘कन्नड’ असे केले होते. पण काही गाणी दोन्हीकडे जाईनात, तेव्हा मोडले आणि ‘दळण’, ‘पाळणा’, ‘सासर-माहेर’, ‘देव’ असे केले. कन्नड पदांचे शब्द उतरवून घेण्याचे काम माझ्या वर्गमैत्रिणीने केले. मी ती भाषा फाडफाड बोलते, पण शाळा मराठी असल्याने लिहिताना अडखळते. तिच्याकडून मी अक्षरे गिरवते आहे. तिला मी ओव्यांतले अडलेले शब्द सांगते. व्यवहार रोखीचा आहे.

स्वतःचे मुद्रण ऐकण्यात मात्र आजीला काडीचा रस नाही. मी मोठ्या हौसेने ऐकवायला गेले, तर म्हणाली, “म्हटलेलं पुन्हा काय ऐकायचं? ते कानाला लाव, मी दुसरं म्हणतो.”

कर्जापैकी तेराशे रुपये अजून देणे आहे. वडील मागत नाहीत. हल्ली करंट गेला की गल्लीत सगळीकडून वीजखात्याचा उद्धार ऐकू येतो. मागवाले बिचारे काय करतील, त्यांचे पोट आहे. आमच्या घरात मात्र एक एकोणऐंशी वर्षांची बाई अंबाडा सोडून माळ्याखालच्या खोलीत येऊन बसलेली असते, आणि मी कॉलेजातून वेळेवर न पोचले तर तीच मला बोलते, कन्नडमध्ये.